मामंजींचा वाटा

गावाची वीज वाटणाऱ्या सांगडीच्या पडद्यावर मामंजींच्या ऑक्सिजन मशीनची रेघ अमावास्येपाशी संपलेली दिसली, तेव्हा आधी मला वाटलं की उंदरानं वायर कुरतडली असणार. आमच्या बॅटरीघरात उंदीर फार. मी वाकून सगळे जोड हलवून बघितले, स्क्रू आवळले, पडदा ओढणीनं पुसला. रेघ तिथंच संपत होती. बाकीच्या घरांच्या रेघा पुढच्या महिन्यात गेल्या होत्या, आणि मामंजींच्या वाट्याची वीज अमावास्येनंतर सांगडीनं शेजारपाजारी वाटूनही टाकली होती.

मी रोहिणी शेलार, करंजाळ गावची ऊर्जासेविका. म्हणजे पॅनेल पुसणं, बॅटऱ्या बघणं आणि कुणाचा पंखा फिरला नाही की बोलणी खाणं, हे माझं काम. आमचं गाव कोयनेच्या फुगवट्याच्या पलीकडच्या काठाला आहे. तापोळ्याहून लाँचनं यायचं आणि मग चढ चढायचा. खांबावरची वीज आमच्याकडं कधी टिकली नाही. पावसाळ्यात एक दरड आली की वायर जंगलात आणि गाव अंधारात. शेवटी गावानं खांबांचा नाद सोडला. प्रत्येक घरानं आपापली पॅनेलं दिली, देवळाशेजारी बॅटरीघर बांधलं आणि सगळ्यांची वीज एकत्र केली.

पॅनेल आणि बॅटरी यांचं सरळ जमत नाही. पॅनेलचं व्होल्टेज दिवसभर खालीवर होतं, आणि गंमत म्हणजे पॅनेल तापलं की ते उतरतं, गारठ्यात चढतं. बॅटरीला मात्र झेपेल तेवढ्याच व्होल्टेजनं आणि तेवढ्याच वेगानं चार्ज करावं लागतं, नाहीतर ती कामातून जाते. मध्ये बसून दोघांचं जमवतो तो चार्ज कंट्रोलर. पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज नेमकी कुठल्या व्होल्टेजला निघते, ती जागा तो सतत चाचपत राहतो आणि ती वीज बॅटरीला मानवेल अशी करून देतो. तिघांचं माप एकमेकांना जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर निम्मं ऊन वाया जातं, किंवा कंट्रोलर जळतो.

सांगड हा त्याच कंट्रोलरचा नवा अवतार. जुना कंट्रोलर ऊन आणि बॅटरी जुळवायचा, सांगड ऊन आणि माणसं जुळवते. उद्या ढग किती येणार, कुठल्या घरात चक्की चालणार, जत्रा कुठल्या तिथीला आहे, हे सगळं शिकून ती प्रत्येकाचा वाटा आधीच बाजूला काढून ठेवते. अशा हजारो सांगडी देशभर बसल्यात, आणि एकीनं शिकलेलं दुसरीला कळतं. ती आल्यापासून गावात एकदाही अंधार झाला नव्हता. तिचं कौतुक सगळ्यांना सांगत फिरणारी मीच होते.

घरी आले तर मामंजी पडवीत उन्हाला बसले होते, नाकाला नळी लावून. सर्जेराव शेलार म्हटलं की अजून अख्खं खोरं ओळखतं. जन्मभर त्यांनी या पाण्यावर लाँच चालवली. आता फुफ्फुसं कडक होण्याच्या आजारानं उंबरा ओलांडला तरी दम लागायचा, म्हणून ते मशीन. जिभेला मात्र कधी दम लागला नाही.

"काय गं, तोंड का पाडलंस? बॅटरीनं शिवी दिली का काय?"

"उंदीर झालेत," मी म्हणाले.

"मग मांजर पाळ. माझ्यावानी बसून खाईल, पर उंदीर तरी धरंल."

मी हसले आणि परसात जाऊन साताऱ्याला फोन लावला. तिथल्या केंद्रावर तन्वी घोरपडे म्हणून इंजिनिअर आहेत. हुशार बाई, आणि गावच्या माणसाशी नीट बोलणारी. त्यांनी तिकडं पडदा उघडून रेघ मागंपुढं करून बघितली.

"रोहिणीताई, वायर ठीक आहे. त्यांचं मशीन श्वास आत घेतला की तेवढ्यापुरताच ऑक्सिजन सोडतं. झडप उघडते, कॉम्प्रेसर जरा जोर लावतो आणि तेवढी वीज जास्त ओढली जाते. सांगड सेकंदाला हजारदा करंट मोजते. त्यामुळे तिला प्रत्येक श्वास दिसतो."

"बरं मग?"

"असली मशीनं पुष्कळ घरांत आहेत. ती कायमची बंद व्हायच्या आधी श्वासांचा ताल कसा बदलत जातो, ते ती शिकलीय. तिला मरण वगैरे काही कळत नाही, ताई. हा लोड अमुक दिवसानंतर लागणार नाही, एवढंच कळतं. म्हणून ती त्यासाठी वीज राखून ठेवत नाही."

"चुकते का कधी?"

"चुकते," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "फार नाही चुकत."

मामंजींच्या वाट्याला कुलूप घालता येईल का, असं मी विचारलं. येतं, पण तो वाटा दुसऱ्यांच्या विजेतून जाणार, म्हणून गावसभेची संमती लागते. तसा आमच्याच गावाचा नियम. आमच्याकडं सगळं देवळात बसून, चारचौघांत ठरतं. झाकपाक नको म्हणून सांगडीचा पडदाही प्रत्येकाच्या फोनवर उघडा ठेवला होता, मुंबईला असणाऱ्यांच्यासुद्धा. विजेच्या वाट्याबरोबर माणसाचं आयुष्यही असं चव्हाट्यावर टांगलं जाईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता सभा बोलवायची म्हणजे मीच दवंडी पिटल्यासारखं झालं असतं. मी गप्प बसले.

गप्प बसून उपयोग झाला नाही. माझे चुलत दीर यशवंत भाऊजी मुंबईत ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष आहेत. आपल्या बंद घराची वीज कोण वापरतंय, ते बघायला ते रोज सकाळी चहाबरोबर पडदा उघडतात. त्यांनी रेघ बघितली, अर्थ कुणाकडून तरी समजून घेतला आणि दुपारच्या आत सगळ्या मंडळाला कळवला. आमच्याकडं माणूस जायला टेकलं की सगळे सगेसोयरे जिवंतपणी भेटून घेतात. मेल्यावर आलास तर काय आलास, हे पुढं जन्मभर ऐकावं लागतं. एरवी कोण कधी जाणार हे माहीत नसतं, म्हणून लोक एकेक, दोन-दोन करून येतात. या वेळी सगळ्यांना एकच तारीख कळलेली.

दोन लाँच भरून माणसं आली, मामंजींची बहीण आक्काही आली. माझे यजमान प्रल्हाद वाशीच्या बाजारात माथाडी कामगार आहेत, ते पहिल्या लाँचनं आले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? मशीन म्हणतं म्हणून?"

"माझ्या बापाचं मला यशवंताकडनं कळावं का, रोहिणी?"

त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

बंद घरं उघडली. विजेच्या शेगड्या पेटल्या, आंघोळीची पाणी तापायला लागली, भिंतीभिंतीला फोन लटकले. त्यात आभाळ भरून आलेलं, ऊन नावाला. मामंजी आधी खूश झाले. "जत्रा लवकर आली का काय औंदा?" म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करत होते. मग एका सकाळी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"रोहिणी, खरं सांग. आक्काची पोरगी पाया पडून रडली. यशवंतानं बांधाचं भांडण सोडलं. माणसं एवढी चांगली वागाय लागलीत, म्हंजी माझं काय खरं न्हाय."

मी सगळं सांगितलं. लपवणं मला जमलं नसतं, आणि त्यांना ते आवडलंही नसतं.

"अवसंला?"

"हो."

"आन् मशीनला ह्ये सांगतं कोण?"

"तुमचा श्वास."

त्यांना हसू आलं आणि त्या हसण्याचाच ठसका लागला. ठसका थांबल्यावर म्हणाले, "म्हंजी घरभेदीच निघाला की."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या घरांत स्वयंपाक चालू असताना मामंजींच्या मशीननं शिट्टी वाजवायला सुरुवात केली. वीज कमी पडत होती. सांगडीच्या हिशोबात हा लोड संपत आलेला, म्हणून तुटवडा आल्यावर तिनं त्याला सगळ्यात शेवटी ढकललं होतं. शेगड्या चालू आणि माझ्या सासऱ्याचे ओठ निळे. ओढीनं भेटायला आलेल्या माणसांच्या भातानं त्यांचा श्वास अडला होता. मी धावत बॅटरीघर गाठलं आणि बाकी सगळ्या घरांचे खटके हातानं खाली ओढले. मशीन पुन्हा लागलं, ओठांवर रंग आला. पण सांगड थोड्या वेळानं ते खटके आपणहून वर करणार, हे मला ठाऊक होतं.

फळीवर सांगडीच्या आधीचा एक जुना कंट्रोलर पडून होता, आणि त्याची चोवीस व्होल्टची बॅटरीही धड होती. मी दोन्ही घरी आणली आणि आमची चार पॅनेलं सांगडीतून सोडवायला छपरावर चढले. तेवढ्यात खाली यशवंत भाऊजी आले.

"वहिनी, सांगडीतनं पॅनेल काढायचं न्हाय, गावानं ठरवलंय. असं प्रत्येकानं काढलं तर गाव ऱ्हाईल का?"

"मामंजी राहतील, भाऊजी. आज एवढंच बघते."

"अवो, पर दोन दिसांसाठी..." ते बोलून गेले आणि मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. माणूस वाईट नाही. पडद्यावर छापलेलं खरं मानणारा आहे.

प्रल्हाद शिडीपाशी उभे होते. "आबांचे हाल वाढवतोय का गं आपण?" ते म्हणाले.

"श्वास घेणं म्हणजे हाल का? धरा शिडी."

त्यांनी शिडी धरली. पॅनेलं मोकळी झाल्यावर वर येऊन त्यांच्यावरचे आकडे वाचून म्हणाले, "एकेक बत्तीसचं आहे. कंट्रोलरला शंभर व्होल्ट सोसतात. तीन ओळीनं जोड, शहाण्णव होतात. बसतंय."

"आत्ता बसतं. सकाळी पाण्यावरनं गारठा येतो तेव्हा हीच तीन शंभराच्या वर जातात. कंट्रोलर जळाला तर दुसरा नाही." मी दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि त्या जोड्या शेजारीशेजारी जोडल्या, म्हणजे गारठ्यातही व्होल्टेज आवाक्यात राहतं आणि वीज चारही पॅनेलांची मिळते. चूक परवडणार नव्हती, म्हणून तन्वी मॅडमना फोन लावून ठेवला होता. "आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल," त्या तिकडून सांगत होत्या. "बॅटरी आधी दिसली की कंट्रोलरला कळतं कुठल्या मापानं चार्ज करायचं. उलटं केलंत तर गोंधळेल." बॅटरी जोडली, मग पॅनेलं, आणि मामंजींचं मशीन त्या बॅटरीवर घेतलं. कंट्रोलरवरचा हिरवा दिवा लागला. सांगडीच्या पडद्यावरून मामंजींची रेघ पुसली गेली. आता त्यांच्या श्वासाचं कुणालाच काही कळणार नव्हतं.

अमावास्या आली. घर माणसांनी भरलं होतं. कुणी पोथी वाचत होतं, कुणी तांब्याभांडं घेऊन उशाशी बसलं होतं. मामंजींनी दुपारी आमटीभात खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळ झाली. दुसरा दिवस उजाडला, मग तिसरा.

मग जे सुरू झालं ते बघून मला माणसांची कीव यावी की राग यावा, कळेना. कुणाची रजा संपत आलेली, कुणाला मुकादमाचा फोन. परत जावं तर उद्याच काही झालं म्हणजे? आणि थांबावं तर किती? ओट्यावर दबक्या आवाजात बोलणी चालायची आणि मी गेले की थांबायची. गोठ्यामागं कुणीतरी लाकडं फोडून रचून ठेवली होती. मामंजींच्या खाटेवरून ती सरळ दिसत.

"रोहिणी," ते एका सकाळी म्हणाले, "मशीन बंद कर."

"काय?"

"माणसं खोळंबलीत गं. जन्मभर लाँच वक्तावर सोडली मी. एका माणसापायी दुसऱ्यांचा खोळंबा कधी केला न्हाय. आता माझ्यापायी झालाय. कर बंद, मी काय वरडायचो न्हाय."

हे ते चेष्टेनं बोलत नव्हते. मला इतका संताप आला की हातातलं भांडं मी अंगणात भिरकावलं. आवाजानं सगळे बाहेर आले.

"मामंजी मरायचे राहिलेत म्हणून तुमचा खोळंबा झालाय ना?" मी म्हणाले. "ते माझ्याकडं माफी मागतात त्याची. जिवंत असल्याची माफी! तुम्ही मायेनं आलात, मला माहीत आहे. पण आता तुम्ही भेटायला थांबलेला नाहीत, वाट बघत थांबलाय. दुपारच्या लाँचनं सगळे जा."

"वहिनी, ह्ये आमचंबी घर हाय," भाऊजी म्हणाले.

"आहे. जत्रेला या."

ते गेले. जाताना बहुतेक जण माझ्याशी बोलले नाहीत. आक्का एवढंच म्हणाली की, सून असावी तर अशी नसावी. प्रल्हाद मागं राहिले.

"मी राहतो. नोकरी गेली तर गेली."

"तुम्ही राहिलात तर ते रोज तुमच्या तोंडाकडं बघतील. तुमचा खाडा मोजत बसतील. तुम्हाला नाही का माहीत ते?"

त्यांना माहीत होतं. बराच वेळ ते मामंजींचे पाय चेपत बसले. उठताना मला म्हणाले, "वेळ आली तर मला कळणार कसं?"

"मी कळवीन."

"तुला तरी कळेल का?"

 शेवटच्या लाँचनं ते गेले.

मामंजी जगले. शिमग्याला होळीपुढं खुर्ची टाकून बसले, तोंडावर हात मारून बोंबसुद्धा मारली, मग दम लागला म्हणून हसत राहिले. पाणी उतरलं तेव्हा बुडालेल्या जुन्या गावाची जोती दिसायला लागली, तर कुठलं घर कुणाचं ते बोट दाखवून मला सांगत. काही दिवस वाईट जायचे, काही बरे. उद्या काय होणार ते दोघांनाही माहीत नव्हतं, आणि त्या न कळण्यात आम्ही फार सुखात होतो. प्रल्हाद मध्ये एकदा येऊन गेले. बापलेक दिवसभर आवळ्याच्या झाडाखाली बसले होते.

करवंदं पिकली होती. मी अंगणात कुरडया वाळत घालत होते आणि मामंजी पडवीत पडले होते. "कुरडयांस्नी ऊन चांगलं हाय आज," असं काहीतरी ते म्हणाले. थोड्या वेळानं मशीननं शिट्टी वाजवली. वीज भरपूर होती, बॅटरी भरलेली होती. मशीनला श्वास सापडत नव्हता. मी हात धुवायलाही थांबले नाही, तरी मी पोचेपर्यंत संपलं होतं. त्यांच्या तोंडात पाणी मी एकटीनं घातलं, ते आत गेलं नाही.

प्रल्हाद दिवस मावळताना पोचले. बापाचं तोंड बघायला मिळालं, बोलायला नाही. अग्नी दिला, दिवस केले, तेरावं झालं. आलेली माणसं गेली. मग ते पडवीत त्याच जागी बसले आणि त्यांनी मला विचारलं, "आपण सांगडीतच राहिलो असतो, तर मला आधी कळलं असतं ना?"

"आधी तिची रेघ चुकली होती."

"एकदा चुकली. या वेळी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "कळलं असतं," मी म्हणाले. "बहुतेक कळलं असतं."

ते रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या बापाला तीन-चार महिने मोकळा श्वास दिला आणि त्यांच्याकडून शेवटची भेट काढून घेतली. दोन्ही मीच केलं, एकाच दुपारी, त्याच चार वायरी सोडवून. मी पुन्हा तेच केलं असतं. ते मी त्यांना सांगितलंही.

"केलं असतंस," ते म्हणाले. "पण आता आपली पॅनेलं परत जोड. घरात तू एकटी असणार. तुझं तरी मला कळू दे."

मी नको म्हणाले असते. त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणवलं नाही. दुसऱ्या सकाळी शिडी लावली, त्यांनी धरली, आणि मी चारही पॅनेलं सांगडीला जोडली. गावानं काही कुरकुर न करता परत घेतलं.

आता सांगड मला शिकली आहे. मी कधी उठते, चहा कधी ठेवते, पंप किती वेळ चालवते, कुठल्या दिवशी माझ्याच्यानं काही होत नाही, सगळं. बॅटरीघरातल्या पडद्यावर आमच्या घराची रेघ असते, ती कुठं संपते ते दिसू नये म्हणून तिथं मी कागद चिकटवलाय. प्रल्हादांच्या फोनवर ती दिसते. रोज सकाळी बाजारात गाड्या लागायच्या आधी त्यांचा फोन येतो. चहा झाला का, ऊन कसं आहे, असलंच काहीतरी विचारतात. मी लगेच उत्तर देत नाही. आधी त्यांचा आवाज नीट ऐकून घेते, आणि तो रोजच्यासारखा वाटला की मग बोलते.